डोळ्यांनी पाहिलं, पण मनात किती राहिलं? लक्ष आणि दृश्य कार्यस्मृती

अवलोकिता

पडद्यावर सहा रंगीत चौकोन येतात. सेकंदाचा दहावा भाग दिसतात आणि जातात. जवळपास सेकंदभर पडदा रिकामा. मग पुन्हा सहा चौकोन. कदाचित तेच, कदाचित त्यातल्या एकाचा रंग बदललेला. बदललाय की नाही, एवढंच सांगायचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण बसल्यावर कळतं की सहा चौकोन डोक्यात मावत नाहीत. स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये हा प्रयोग छापला. तीन चौकोनांपर्यंत लोक क्वचितच चुकतात, चारला डगमगायला लागतात आणि पुढे चौकोन वाढतील तशी उत्तरं घसरत जातात. दृश्य कार्यस्मृती, म्हणजे समोरून गेलेलं दृश्य काही सेकंद हाताशी धरून ठेवणारी व्हिज्युअल वर्किंग मेमरी, एका वेळी तीन-चार वस्तूच सांभाळते, हा निष्कर्ष तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत बसला आहे.

हा आकडा वाचून बहुतेक जण 'म्हणजे जागा कमी आहे' असं समजून पुढे जातात. मला ते पटत नाही, आणि हा धागा त्याचसाठी काढला आहे. माझं म्हणणं असं की हा आकडा साठवणीच्या जागेपेक्षा लक्षाबद्दल जास्त सांगतो. लक्षाचं काम वस्तू आत घेण्यापुरतं नसतं. आत आलेलं टिकवणं, त्यातलं नेमकं हवं ते पुढे आणणं, नको ते सोडून देणं, हे सगळं लक्षच करतं.

थोडं मागे जाऊ. जॉर्ज स्पर्लिंगने १९६० मध्ये लोकांना बारा अक्षरं दाखवली, चार-चारच्या तीन ओळी, फक्त ५० मिलिसेकंद. 'दिसली ती सगळी सांगा' म्हटलं की लोक चार-साडेचार अक्षरांवर अडकत. पण अनेक जण म्हणत की दिसली सगळीच, सांगेपर्यंत पुसली गेली. स्पर्लिंगने त्यांचं म्हणणं मनावर घेतलं. अक्षरं गेल्यावर लगेच एक सूर वाजवायचा: उंच सूर म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. फक्त तेवढीच ओळ सांगायची. आता कुठलीही ओळ विचारा, चारपैकी तीनच्या आसपास अक्षरं बरोबर येत. कोणती ओळ विचारणार हे आधी माहीत नसताना हे जमत होतं, म्हणजे त्या क्षणी नऊच्या आसपास अक्षरं कुठेतरी शाबूत होती. सूर सेकंदभर उशिरा वाजवला की हा फायदा संपला.

म्हणजे दृश्य येतं भरपूर. त्यातलं लक्षाने वेळेत जे उचललं तेच पुढे टिकतं. इथवर कुणाचा फारसा वाद नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटणारा प्रयोग २००३ चा आहे. आयव्हन ग्रिफिन आणि अ‍ॅना नोब्रे यांनी, आणि त्याच वर्षी वेगळ्या गटात लँडमन, स्पेक्रेझे आणि लामे यांनी, चित्र नाहीसं झाल्यानंतर बऱ्याच उशिरा खूण दाखवली: 'अमुक जागेवर होती त्या वस्तूबद्दल विचारणार आहे.' पडद्यावर तेव्हा काहीही नाही. तरीही त्या खुणेने उत्तरं सुधारली. डोळ्यांसमोर काही नसताना लक्ष आतल्या आत एका वस्तूवर वळलं आणि तिची आठवण इतरांपेक्षा भक्कम झाली.

तिसरी गोष्ट व्होगेल, मॅककॉलो आणि माचिझावा यांची, २००५ ची. काही लाल पट्ट्या लक्षात ठेवायच्या, निळ्यांकडे दुर्लक्ष करायचं. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूचा एक विद्युत संकेत मोजायचा. मनात धरलेल्या वस्तू जितक्या जास्त, तितका हा संकेत मोठा होतो आणि क्षमता भरली की वाढायचा थांबतो. ज्यांची क्षमता जास्त होती, त्यांच्यात 'दोन लाल, दोन निळ्या' दाखवल्यावर संकेत दोन वस्तूंएवढाच राहिला. ज्यांची कमी होती, त्यांच्यात तो जवळपास चार वस्तूंएवढा झाला. त्यांच्या मनात कमी मावत होतं असं नाही, निळ्या पट्ट्याही आत शिरत होत्या!

तुमचं काय मत? विशेषतः ज्यांचं काम नजरेवर चालतं त्यांनी जरूर लिहा.

---

सांजरंग

खूप छान मांडलंयस गं. एक शंका. २००३ च्या प्रयोगात उशिरा खूण दाखवली म्हणतेस, पण ते स्पर्लिंगचंच नव्हे का? तिथेही अक्षरं गेल्यावरच सूर वाजत होता.

---

अवलोकिता

सांजरंग, हीच शंका सगळ्यात आधी यायला हवी. फरक वेळेचा आहे. स्पर्लिंगच्या प्रयोगातली ती ताजी, भरगच्च प्रतिमा सेकंदाच्या आत विरते, आणि मध्ये दुसरं चित्र दाखवलं तर ताबडतोब पुसली जाते. उशिरा दाखवलेली खूण त्यानंतर येते, सेकंदाहून जास्त वेळ गेल्यावर. तोवर जे उरलं ते कार्यस्मृतीतच उरलेलं असतं. 

आणखी एक बारकावा, जो मला फार आवडतो. फ्रीक व्हॅन एडे, चेकरूड आणि नोब्रे यांनी २०१९ मध्ये अशा वेळी डोळ्यांच्या अगदी सूक्ष्म हालचाली मोजल्या. पडद्याच्या डाव्या बाजूला दिसून गेलेली वस्तू मनात आठवायला सांगितली, की नजर जागेवर स्थिर ठेवलेली असतानाही डोळे किंचित डावीकडे झुकतात. तिथे पाहण्यासारखं काही नसतं, प्रश्नही जागेबद्दलचा नसतो. आतलं लक्ष बाहेरच्या नजरेची यंत्रणा वापरतं याचं इतकं थेट दर्शन दुसरीकडे क्वचितच मिळतं.

---

तिरपीरेघ

मी समोर बसलेल्या माणसाचं रेखाटन करतो, रोज. नवशिके कागदाकडे बघत बसतात आणि समोर कमी बघतात. मी उलट करतो. एक रेघ ओढायची, वर बघायचं, पुन्हा रेघ. भुवईचा उतार बघताना मी रंग, केस, कपडे काहीच बघत नाही. भुवई काढून झाल्यावर मला विचारलंत की ओठ मिटलेले होते की उघडे, तर सांगता येणार नाही, आणि मी तर अर्धा तास त्या चेहऱ्याकडेच बघत असतो.

अवलोकिताताई, याचा अर्थ माझी दृश्य स्मृती कच्ची आहे असा घ्यायचा का? कारण विद्यार्थ्यांना वाटतं की चित्रकाराच्या डोक्यात सगळं छापलं जातं.

---

अवलोकिता

तिरपीरेघ, अजिबात नाही. तुम्ही जे वर्णन केलंत ते डॅना बॅलर्ड, मेरी हेहो आणि जेफ पेल्झ यांनी १९९५ मध्ये मोजून दाखवलं आहे. पडद्यावर एका कोपऱ्यात रंगीत ठोकळ्यांचा नमुना, दुसरीकडे सुटे ठोकळे, आणि रिकाम्या जागेत नमुन्याची नक्कल करायची. सोबत नजर कुठे जाते याची नोंद.

नमुना लहानच होता. चार ठोकळे एका दमात लक्षात ठेवून लावता आले असते. पण लोकांनी तसं केलं नाही. एका ठोकळ्यासाठी पुन्हा पुन्हा दोनदा नमुन्याकडे पाहिलं: पहिल्यांदा ठोकळा उचलण्याआधी, रंगासाठी, दुसऱ्यांदा ठेवण्याआधी, जागेसाठी. पहिल्या नजरेत जागाही दिसलीच होती, पण तेव्हा तिचं काम नव्हतं म्हणून ती घेतली गेली नाही. नमुना इतका लांब नेला की बघायला मान वळवावी लागेल, तेव्हा लोक कमी वेळा बघू लागले आणि जास्त लक्षात ठेवू लागले.

म्हणजे कार्यस्मृती भरण्याला किंमत पडते, आणि पुन्हा बघणं स्वस्त असेल तर आपण बघणंच पसंत करतो. तुमचं मॉडेल समोर बसलेलं आहे. ओठ साठवून ठेवण्याचं कारणच नाही.

---

तिरपीरेघ

उचलताना रंग, ठेवताना जागा. अगदी असंच होतं. पण एक भर घालतो. सरावाने एका नजरेत जास्त येतं. सुरुवातीला भुवईला तीन वेळा बघावं लागायचं, आता एकदा बघितलं की उतार, जाडी आणि नाकाच्या मुळापासूनचं अंतर तिन्ही एकत्र येतं. त्यामुळे क्षमता ठरलेली असते यावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

---

अडीचघर

तिरपीरेघ, बुद्धिबळात हे पक्कं तपासलेलं आहे. चेस आणि सायमन, १९७३. डावातली खरी स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि पट पुन्हा मांडायला सांगायचं. कसलेला खेळाडू बराचसा पट बरोबर मांडतो, नवखा चार-पाच सोंगट्यांवर थांबतो. पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, की कसलेल्याचा फायदा जवळजवळ नाहीसा होतो. 'जवळजवळ' अशासाठी म्हणतो की गोबे आणि सायमन यांनी नंतर तपासलं तेव्हा थोडा फायदा उरलेला सापडला, कारण विखुरलेल्या पटावरही ओळखीचे तुकडे योगायोगाने तयार होतात.

किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि बाजूचा हत्ती ही माझ्यासाठी एकच गोष्ट आहे. नवख्यासाठी त्या पाच आहेत. स्मृती तेवढीच असते, लक्ष ज्याला 'एक' म्हणतं ती वस्तू मोठी होते.

आणि यात तोटाही आहे. ओळखीचा तुकडा दिसला की आतलं एखादं प्यादं एक घर पुढे सरकलेलं आहे हे सुटतं, कारण मी प्यादं बघितलेलंच नसतं, तुकडा बघितलेला असतो. तयारीतल्या मुलांच्या डावांत मी ही चूक वारंवार पाहतो.

---

शून्यांश

धागा वाचनीय, पण लक्षाला जरा जास्तच श्रेय दिलं जातंय असं वाटतं. काही मुद्दे.

आधी मोजणीबद्दल. 'तीन-चार वस्तू' हा आकडा थेट दिसत नाही, तो काढावा लागतो. नेल्सन कोवानचं सूत्र वापरतात: वस्तूंची संख्या गुणिले (बदल झालेला असताना 'बदल झाला' म्हणण्याचं प्रमाण वजा बदल नसताना तसं म्हणण्याचं प्रमाण). समजा सहा चौकोन, बदल असताना ७० टक्के वेळा पकडला, नसताना १० टक्के वेळा उगाच 'बदलला' म्हटलं. सहा गुणिले ०.६, म्हणजे ३.६. हे सूत्र गृहीत धरतं की वस्तू एकतर पूर्ण आठवते किंवा अजिबात नाही. आठवण धूसर असू शकते, ही शक्यता सूत्रात बसतच नाही.

आणि खरा वाद तिथेच आहे. झांग आणि लक यांनी २००८ मध्ये हो-नाही विचारण्याऐवजी रंगांचं चक्र दिलं आणि म्हटलं, रंग नेमका कुठला होता तिथे बोट ठेवा. त्यांच्या मते उत्तरं दोन प्रकारची येतात: काही बऱ्यापैकी नेमकी, काही निव्वळ अंदाज. म्हणून मोजके कप्पे. त्याच वर्षी पॉल बेज आणि मसूद हुसेन यांनी उलट मांडलं: कप्पे नाहीत, ओंजळभर पाणी आहे, भांडी वाढली की प्रत्येकात कमी येतं. एकाच्या दोन वस्तू झाल्या तरी नेमकेपणा घटतो, चारपर्यंत थांबावं लागत नाही. शिवाय २००९ मध्ये बेजच्या गटाने दाखवलं की अंदाज वाटणारी बरीच उत्तरं अदलाबदलीची असतात: रंग बरोबर आठवतो, पण शेजारच्या चौकोनाचा.

आता आक्षेप. २००५ चा निळ्या पट्ट्यांचा प्रयोग मला मान्य आहे, पण तो 'नको ते आत शिरतं' हे सांगतो. लक आणि व्होगेल यांच्या मूळ प्रयोगात नको असं काहीच नव्हतं. सगळे चौकोन हवेच होते. तरी मर्यादा तीन-चारचीच आली. ती लक्षातून कशी आली?

---

अवलोकिता

शून्यांश, मुद्दा नेमका आहे. दोन भागांत उत्तर देते.

कप्पे की पाणी या वादात मी पाण्याच्या बाजूला जास्त झुकते, आणि तिथे लक्षाची भूमिका उलट जास्त स्पष्ट दिसते. बेज आणि हुसेन यांच्याच प्रयोगात ज्या वस्तूकडे डोळे वळणार होते तिची आठवण जास्त नेमकी झाली, आणि त्याची किंमत इतर वस्तूंनी मोजली. म्हणजे वाटप सारखं नसतं, लक्ष करेल तसं होतं. एकूण पाणी किती हे लक्ष ठरवत नसेल, कुणाला किती हे तेच ठरवतं.

दुसरं, नको असं काही नसतानाची मर्यादा. यावर कर्स्टन अ‍ॅडम, मान्स, फुकुदा आणि व्होगेल यांचं २०१५ चं काम पाहण्यासारखं आहे. त्यांनी प्रत्येक वेळी सहाही चौकोनांचे रंग विचारले, त्यामुळे प्रत्येक फेरीत किती आठवले हे वेगळं मोजता आलं. चांगल्या आणि कमी गुण मिळवणाऱ्या लोकांची उत्तम फेरी फारशी वेगळी नव्हती. फरक वाईट फेऱ्यांमध्ये होता. कमी गुणवाल्यांच्या जास्त फेऱ्या अशा होत्या की एखादाच रंग आठवला किंवा तोही नाही. लक्ष क्षणभर सुटलं होतं. सगळ्या फेऱ्यांची सरासरी काढली की हे 'कमी क्षमता' म्हणून दिसतं.

---

शून्यांश

हा प्रयोग चांगला आहे आणि व्यक्तीव्यक्तीतला फरक तो समजावतो, हे मानतो. पण ज्यांचं लक्ष सुटत नाही त्यांच्याही उत्तम फेऱ्या तीन-चारच्या आसपासच थांबतात. ती भिंत लक्षातल्या चुकांमुळे नाही. मज्जापेशींच्या संकेतांची एकमेकांत सरमिसळ होणं हे मला त्याचं जास्त पटणारं कारण वाटतं. इथे आपण दोघं वेगळ्या जागी उभे आहोत आणि ते असू दे.

---

क्षकिरण

मी रेडिओलॉजीत आहे, म्हणून लिहितेय. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांचा २०१३ चा अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. फुप्फुसांच्या सीटीमध्ये गाठी शोधायला सांगितलं आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना ते दिसलं नाही. नजरेच्या नोंदीत दिसलं की न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्या जागेवरून गेली होती.

बाहेरचे लोक हे ऐकून घाबरतात. मी विद्यार्थ्यांना सांगते की आपण लहान, गोल, पांढरं शोधत होतो आणि त्या शोधात निष्णात आहोत म्हणूनच हे झालं. त्यामुळे मी स्कॅन एकापेक्षा जास्त वेळा बघायला लावते, आणि प्रत्येक वेळी वेगळा प्रश्न मनात धरून: आता फक्त हाडं, आता फक्त छातीबाहेरचा भाग. 'सगळं नीट बघा' या सूचनेने काही होत नाही, कारण 'सगळं' हे शोधता येत नाही.

माझा प्रश्न: हे स्मृतीचं अपयश की लक्षाचं?

---

अवलोकिता

क्षकिरण, तुमच्या उदाहरणात लक्षाचं. गोरिला लक्षापर्यंत पोचलाच नाही, त्यामुळे स्मृतीचा प्रश्नच आला नाही. पण यापुढची एक पायरी आहे आणि ती मला जास्त अस्वस्थ करते.

हुई चेन आणि ब्रॅड वायबल, २०१५. पडद्यावर चार जागी चार चिन्हं: तीन अंक आणि एक अक्षर. अक्षर कुठे आहे तेवढं सांगायचं. लोक हे झटपट आणि बिनचूक करतात. बऱ्याच फेऱ्या झाल्यावर एकदा अचानक विचारतात: आत्ता अक्षर कोणतं होतं? जागा सांगण्यासाठी ते अक्षर आहे हे ओळखावंच लागलं होतं. म्हणजे त्यावर लक्ष गेलं होतं, ते जाणिवेत आलं होतं, निर्णयासाठी वापरलंही होतं. तरी नाव सांगता येत नाही. उत्तरं नुसता अंदाज ठोकल्यावर यावीत त्याहून फार वेगळी नसतात. आणि लगेच पुढच्या फेरीत तोच प्रश्न विचारला, की बहुतेकांना येतो! एकाच फेरीत स्मृती वाढली असं तर होणार नाही. पुढे हे विचारलं जाऊ शकतं, एवढी अपेक्षा बदलली.

म्हणून 'लक्ष दिलं की लक्षात राहतं' हेही अर्धवट आहे. त्या गोष्टीचं पुढे काही करायचं आहे अशी मनाची तयारी लागते. योखेन ट्रीश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आभासी जगात विटा उचलून लावायला दिल्या आणि हातात असतानाच विटेची उंची बदलली. उंचीचा कामाशी संबंध नव्हता तेव्हा फार कमी जणांना कळलं. उचलताना आणि ठेवताना दोन्ही वेळा उंची बघून ठरवायचं होतं तेव्हा बऱ्याच जास्त वेळा कळलं. वीट तीच, डोळे तेच, हातही तोच.

तुम्ही प्रत्येक वेळी वेगळा प्रश्न मनात धरायला लावता, ते मला या सगळ्याशी अगदी जुळणारं वाटतं.

---

सांजरंग

अक्षराचा प्रयोग वाचून थक्क झाले. आणि उलटा रस्ताही असतो का? म्हणजे मनात धरलेली गोष्ट नजरेला ओढते का?

---

अवलोकिता

असतो. पॉल डाउनिंगने २००० मध्ये आणि डेव्हिड सोटो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं. मनात लाल वर्तुळ धरून ठेवलं असेल आणि मध्येच दुसरंच काही शोधायला दिलं, तर शोधाशी काही संबंध नसतानाही नजर लाल वर्तुळाकडे वळते. त्यामुळे मनात काय धरलंय यावर पुढे काय दिसणार हे ठरतं, आणि जे दिसतं ते पुन्हा आत जातं. क्षकिरण यांचे रेडिओलॉजिस्ट 'लहान, गोल, पांढरं' मनात धरून बसले होते, त्याचाही इथे संबंध आहे.

---

शून्यांश

मेंदूत हे नेमकं कुठे धरलं जातं यावरही थोडं लिहा. जुनं उत्तर कपाळामागच्या भागाचं आहे. फस्टर आणि अलेक्झांडर यांना १९७१ मध्ये माकडांच्या त्या भागात अशा पेशी सापडल्या ज्या वस्तू लपवल्यापासून उत्तर देईपर्यंत सतत सक्रिय राहतात. पण २००९ मध्ये हॅरिसन आणि टाँग यांनी रेघांचे दोन नमुने दाखवले, मग कोणता लक्षात ठेवायचा ते सांगितलं, आणि दहा सेकंदांहून मोठ्या रिकाम्या काळात मेंदूच्या मागच्या, अगदी प्राथमिक दृश्यभागातल्या हालचालींवरून कोणता तिरपेपणा मनात आहे ते ओळखून दाखवलं. त्या भागाची एकूण सक्रियता वाढलेली नसतानाही!

---

अवलोकिता

हो, आणि त्यातला 'मग सांगितलं' हा शब्दप्रयोग माझ्या बाजूचा आहे. दोन्ही नमुने डोळ्यांनी सारखेच पाहिले होते. ओळखता आला तो लक्षाने निवडलेला.

मग न निवडलेल्याचं काय होतं? इथे क्षेत्र अजून विभागलेलं आहे. मोंजिलो, बराक आणि त्सोदिक्स यांनी २००८ मध्ये सुचवलं की पेशी सतत सक्रिय न राहताही, त्यांच्यातल्या जोडण्यांची ताकद काही काळ बदलून आठवण टिकू शकते. नेथन रोझ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असं दाखवलं की लक्षाबाहेर गेलेल्या वस्तूचा मागमूस मेंदूच्या हालचालींत दिसेनासा होतो, पण बाहेरून चुंबकीय स्पंदन दिलं की तो क्षणभर पुन्हा उमटतो, तोही ती वस्तू पुढे लागण्याची शक्यता असेल तरच. पुढे विचारणार नाही हे ठरलेलं असेल तर उमटत नाही. या निष्कर्षांचे दुसरे अर्थही लावले जातात, तरी लक्षाच्या केंद्रात असणं आणि नाहीसं होणं यांच्या मध्ये एक तिसरी अवस्था आहे, हे मला खरं वाटतं.

---

पालवी

मी यातली नाही, पण सगळं वाचलं. माझा मुलगा फळ्यावरचं वहीत उतरवताना फार मागे पडतो, एकेक शब्दाला मान वर करतो. त्याची स्मरणशक्ती कमी असं सांगितलं गेलं आणि स्मरणशक्ती वाढवणारं अ‍ॅप सुचवलं गेलं. चौकोन लक्षात ठेवायचे खेळ असतात त्यात. उपयोग होईल का?

---

अवलोकिता

पालवीताई, अशा खेळांनी त्या खेळातले गुण वाढतात. मेल्बी-लेरवॉग आणि हल्म यांनी २०१३ मध्ये अशा प्रशिक्षणाचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. त्याच्याशी मिळत्याजुळत्या चाचण्यांमध्ये थोड्या काळापुरती सुधारणा दिसते, पण वाचन, गणित यांसारख्या गोष्टींपर्यंत ती पोचते असा विश्वासार्ह पुरावा त्यांना मिळाला नाही. मी असते तर तो वेळ आणि पैसा तिथे घातला नसता.

मान वर करण्यामागे काय आहे ते आधी बघा. डोळे तपासून घ्या, लांबचं नीट दिसत नसेल तरी असंच होतं. ते ठीक असेल तर वर ठोकळ्यांचा जो प्रयोग लिहिलाय तो आठवा: पुन्हा बघणं हा नैसर्गिक मार्ग आहे, फक्त फळा लांब असल्याने त्याला तो महाग पडतोय. मजकूर वहीशेजारी कागदावर मिळाला तर काय फरक पडतो ते बाईंशी बोलून बघता येईल. आणि अडीचघर म्हणाले तसं, वाचन सुधारलं की शब्द अक्षरांची रांग न राहता एकसंध होतो, मग एका नजरेत जास्त उतरतं. बरेच दिवस अडचण राहिली तर शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांना नक्की दाखवा, त्यात कमीपणा काही नाही.

---

पालवी

डोळे तपासायचं सुचलंच नव्हतं. कागदाचंही बाईंशी बोलते. मनापासून आभार.

---

पटलकार

मी नियंत्रणकक्षांसाठी पडदे बनवतो. एका पडद्यावर बरेच आकडे असतात आणि पान ठरावीक वेळाने ताजं होतं. तक्रार अशी की आकडा बदललेला माणसाला कळत नाही, समोर बसलेला असूनही. वरचं वाचून वाटतंय की दोष माणसाचा नाही.

---

अवलोकिता

नाहीच. पान ताजं होताना क्षणभर कोरं होतं का? होत असेल तर तुम्ही नकळत रेन्सिंक, ओरेगन आणि क्लार्क यांचा १९९७ चा प्रयोग रोज चालवताय. दोन जवळपास सारखी चित्रं आलटून पालटून, मध्ये अगदी छोटा कोरा पडदा. विमानाचं इंजिन गायब होतं, आणि लोकांना ते शोधायला कितीतरी वेळ लागतो. कोरा पडदा काढून टाकला की बदल तत्काळ दिसतो, कारण बदलाच्या जागी झालेली हालचाल लक्ष खेचते. कोऱ्या पडद्यात सगळीकडेच हालचाल होते आणि ती खूण बुडते. मग उरते फक्त कार्यस्मृती, आणि तिच्यात तीन-चार आकडेच असतात.

पूर्ण पान बदलू नका, बदलला तेवढाच आकडा बदला. जुना आकडा शेजारी बारीक अक्षरात राहू द्या, म्हणजे तुलना डोक्यात करावी लागणार नाही.

---

पटलकार

जुना आकडा शेजारी ठेवणं सहज जमेल. बदललेले सगळे आकडे एकदम चमकवले तर?

---

अवलोकिता

ते टाळा. याच मंडळींनी १९९९ मध्ये कोरा पडदा न वापरता, बदलाच्या क्षणी चित्रावर इतरत्र चिखलाच्या शिंतोड्यांसारखे ठिपके उमटवले. बदलाची जागा झाकलेली नव्हती, तरी मोठे बदल सुटले. पाच आकडे एकदम चमकले तर चार जण पाचव्याचे शिंतोडे होतात. एका वेळी एकच चमकू द्या, बाकीचे क्रमाने, आणि माणसाने पाहिल्याची खूण करेपर्यंत बदललेल्या आकड्याचा रंग तसाच ठेवा.

---

शून्यांश

क्रम लावताना धोक्याच्या पातळीनुसार लावा, आलेल्या वेळेनुसार नको. नाहीतर गंभीर इशारा किरकोळ बदलांच्या मागे रांगेत उभा राहील.

---

क्षकिरण

आणि 'पाहिलं'च्या बटणाऐवजी नवा आकडा टाइप करायला लावा. नुसतं बटण सवयीने दाबलं जातं. आकडा लिहायचा आहे हे माहीत असलं की तो वाचला जातो. आमच्याकडे मोजमापं अहवालात हाताने भरायला लावल्यावर मी हा फरक पाहिला आहे.